बंद दारावरची नोटीस

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. बाभळीच्या लाकडाचा, दोन फळ्यांचा, डाव्या अंगाला थोडा खाली बसलेला. बीड जिल्ह्यात लिंबागणेशच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक लहानशी वस्ती आहे. तिथल्या एका दोन खोल्यांच्या घराला मी बसवलेला आहे. माझ्यावर कोरीव काम नाही, पितळी कड्या नाहीत. त्यामुळे येणारे-जाणारे माझा फोटो काढत नाहीत. एकदाच एका बाईंनी काढला होता, आणि तो थेट कोर्टात गेला. ती हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म बद्रीनाथ नावाच्या माणसाच्या बांधावर झाला. घराचं काम निघालं तेव्हा त्यांनी बांधावरची बाभूळ तोडली आणि सुताराला बोलावलं. बाभळीचं लाकूड चिवट असतं. सुताराच्या रंध्याला मी असा काही जाच केला, की तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "बद्रीनाथ, हे दार न्हाई, हे भांडखोर माणूस हाय." मला अजून त्याचा अभिमान वाटतो. चौकटीत बसवल्यावर बद्रीनाथांनी मला तेल पाजलं, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि तीन-चार वेळा उगाचच उघडून लावून पाहिलं. माझं खरं कौतुक झालं ते तेवढंच. मी ते पुरवून पुरवून आठवतो.

आमच्या वस्तीवरची बहुतेक घरं दसरा झाला की ऊसतोडीला निघतात. आधी भांडी बांधली जातात, मग शेळ्या कुणाच्या तरी हवाली होतात, आणि ट्रक मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागला की वस्तीवर राहतात ती फक्त म्हातारी माणसं आणि आम्ही दरवाजे. ती मंडळी परत येतात गुढीपाडव्याच्या आसपास. दिवाळी, संक्रांत, होळी हे सण मी वर्षानुवर्षं कुलूप घालून काढले. हिवाळ्यात आमच्या घरातली चूल पेटलेली कशी दिसते, हे मला कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं.

पहिल्यांदा निघताना बद्रीनाथांनी माझ्या चौकटीला कुंकू लावलं, कुलूप घातलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं. तवर ह्या दाराला कुणी हात लावायचा न्हाई." हा नेम मग सगळ्या वस्तीनं उचलला. त्यात शहाणपण होतं. सहा-सहा महिने घरं बंद राहणार, मागं म्हातारी माणसं. उद्या एखाद्याचं भांडं हरवलं तर संशय कुणावर जाऊ नये, म्हणून बंद दाराला स्पर्शच करायचा नाही. चोराच्या मनात काय असतं ते मला सांगता येणार नाही, पण वस्तीवरच्या माणसांनी हा नेम कधी मोडला नाही. बद्रीनाथ गेले, त्यांचा मुलगा धर्मराज कर्ता झाला, सून दीपमाला आली, नात आरोही झाली, तरी नेम तोच राहिला.

आमच्या समोरचं घर सुभद्राबाईंचं. त्यांची मुलं तोडीला जातात. त्या आणि त्यांचे थकलेले यजमान मागं असतात. दिवसभर उंबऱ्यावर बसून त्या साऱ्या गल्लीतल्या कुलपांवर नजर ठेवतात. संक्रांतीला वाटी घेऊन त्या प्रत्येक बंद घरापुढे यायच्या, फळीला धक्का न लावता चौकटीला हळदीकुंकू लावायच्या, उंबऱ्यावर चार तीळ ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बंद घराचाबी सण असतोय." मग त्या पुढच्या घराकडे जायच्या आणि तिळावर मुंग्या यायच्या. आतून आलेल्या हातानं ते कुंकू लागावं असं मला फार वाटायचं. वाटून काय होतं म्हणा. बाहेर कुलूप होतं आणि आत कुणी नव्हतंच.

असं चालू असताना आमच्या घरात गिरणी आली. पिठाची गिरणी. गावातल्या रस्त्यावर अजिनाथ नावाचा माणूस ती चालवायचा. त्याचं वय झालं, मुलगा पुण्याला बोलवायला लागला, तेव्हा ती गिरणी धर्मराज आणि दीपमालानं त्याच्याकडून घ्यायची ठरवली. दोन हंगामांच्या कमाईतून त्यांनी तिची किंमत दिली. गिरणी घरात आणायच्या दिवशी मोठी गंमत झाली. ती माझ्यातून आत जाईना. शेवटी मला बिजागऱ्यांवरून उतरवून अंगणात ठेवलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी आडवा पडून आभाळ पाहिलं. आरोही माझ्यावर बसून भाजलेलं कणीस खात होती. इतका आराम मला पुन्हा मिळाला नाही.

दसऱ्याला अजिनाथ शेवटचे राहिलेले पैसे घ्यायला आला. आमच्याकडे देणंघेणं संपलं, की उंबऱ्यावर गुळाचा खडा फोडतात आणि दोन्ही बाजूंनी तो खातात. गूळ फोडला म्हणजे व्यवहार फिटला. अजिनाथनं खडा फोडला, धर्मराजला दिला, दीपमालाला दिला आणि समोरून बघणाऱ्या सुभद्राबाईंना हाक मारून त्यांच्याही हातावर ठेवला.

"फिटलं," अजिनाथ म्हणाला. "आता माजं तुमच्याकडं काई न्हाई. सुखानं दळा."

गिरणीला जोराची वीज लागते, ती जोडणी अजून यायची होती. शिवाय ऊसतोडीच्या मुकादमाला त्या वर्षीचा शब्द आधीच दिलेला होता. म्हणून ते त्याही दसऱ्यानंतर निघाले. कुलूप लावताना दीपमालाचा हात माझ्या फळीवर थांबला. ती नवऱ्याला म्हणाली, "एवढा एकच हंगाम. पुढच्या दसऱ्यापासनं आपन हितंच." तिनं ते धर्मराजला सांगितलं, पण हात माझ्यावर होता, म्हणून मी ते स्वतःला सांगितलं असं धरलं. पुढचा हिवाळा उघडा. ह्या एका आशेवर मी तो हिवाळा काढायला लागलो.

संक्रांतीच्या थोडं आधी मोटारसायकलवर एक माणूस आला. कोर्टाचा बेलीफ. माणूस सभ्य होता. त्यानं माझ्यासमोर उभं राहून धर्मराजला नावानं हाक मारली, कुलूप पाहिलं आणि सुभद्राबाईंकडे वळला.

"कुठं गेलीत ही माणसं?"

"उसाला गेल्यात. पाडव्याला येतील."

मग त्यानं वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्यांना बोलावलं, कागदात काय आहे ते त्यांना थोडक्यात सांगितलं, खळ लावली आणि तो कागद माझ्या उजव्या फळीवर चिकटवला. त्यानं जे सांगितलं ते मी ऐकलं. अजिनाथकडे मोहनराव नावाच्या एका व्यापाऱ्याचं येणं होतं, आणि कोर्टानं ते मोहनरावांच्या बाजूनं ठरवून दिलं होतं. अजिनाथ तर पुण्याला निघून गेला. तेव्हा मोहनरावांनी कोर्टाला सांगितलं, की अजिनाथनं गिरणी धर्मराजला विकली आहे आणि तिची किंमत अजून धर्मराजकडेच आहे. म्हणून कोर्ट धर्मराजला विचारत होतं: तुझ्याकडून अजिनाथला जे जायचं आहे ते इथं भर, आणि काही जायचं नसेल तर अमुक तारखेला येऊन तसं सांग. वकील लोक अशा तिसऱ्या माणसाला गार्निशी म्हणतात. ना मोहनरावांशी त्याचा व्यवहार, ना त्यानं त्यांचं काही घेतलेलं, आणि तरी कागद त्याच्या दारावर.

जाताना बेलीफ सुभद्राबाईंना म्हणाला, "आजी, कोर्टाचा कागद हाय. आल्यावर सांगा त्यांना."

"सांगते की," सुभद्राबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी ते अगदी मनापासून पाळायचं ठरवलं. धर्मराज आल्यावर सांगायचं. कागद काढून कुणाकडून नीट वाचून घ्यावा, तर तो बंद दारावर होता, आणि बंद दाराला हात लावायचा नाही. संक्रांतीला त्या वाटी घेऊन आल्या तेव्हा कागदाला कुंकवाचं बोट लागू नये म्हणून त्यांनी किती जपलं, ते मी पाहिलं. त्याच दिवशी दीपमालाचा फोन आला. सुभद्राबाई आपल्या उंबऱ्यावर बसून मोठ्यानं बोलतात, मला सगळं ऐकू येतं.

"मावशी, घर बरं हाय ना?"

"बरं हाय बाई. दार हाय, कुलूप हाय. तुमी नीट राहा."

लांब गेलेल्या माणसाच्या जिवाला घोर लावू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी फळीभर कागद घेऊन समोर उभा होतो. दरवाजाला करकरण्यापलीकडे काही येत नाही, आणि कुलूप लावलेल्या दरवाजाला तेही येत नाही. त्या दिवशी मला तोंड असतं तर मी सगळी गल्ली गोळा केली असती.

तारीख आली आणि गेली. कोर्टात शिपायानं धर्मराजचं नाव पुकारलं असेल. तो त्या वेळी कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असेल. हजर कुणी नाही, भरणा नाही, म्हणून कोर्टानं हुकूम केला. ती रक्कम आता धर्मराजनं भरायची, नाहीतर त्याची गिरणी जप्त. फाल्गुनात बेलीफ दुसरा कागद घेऊन आला. कुलूप तसंच होतं. त्यानं पहिल्या कागदाच्या खाली दुसरा चिकटवला आणि सुभद्राबाईंना पुन्हा तेच सांगितलं. त्यांनीही पुन्हा मान हलवली.

पाडवा होऊन गेल्यावर आमची माणसं आली. दरवर्षी ह्या दिवसाची मी केवढी वाट बघतो. ट्रकचा आवाज, आरोहीची धावपळ, धर्मराजच्या खिशातली किल्ली. ह्या वेळी किल्ली कुलपापर्यंत आलीच नाही. दीपमाला पुढं होती आणि तिनं उभ्या उभ्या दोन्ही कागद वाचले. ती दहावी झालेली आहे. पण कोर्टाची भाषा तिच्याही तोंडात अडकत होती. शेवटच्या ओळीला आल्यावर तिनं खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि समोर पाहिलं.

"मावशी, हा कागद कवा लागला?"

"संक्रांतीच्या आधी. तुमी आल्यावर सांगा म्हनला तो बाबा. आता सांगनारच होते बघ."

"फोनवर कावून न्हाई सांगितलं?"

"लांब हायस, कशाला जिवाला घोर?"

"मग निदान काढून कुनाकडून तरी वाचून घ्यायचा."

"बंद दाराला कसा हात लावू बाई? तुज्याच सासऱ्याचा नेम हाय."

दीपमालानं खाली ठेवलेलं गाठोडं उचललं. मग हळूच म्हणाली, "नेम सासऱ्याचा हाय, पन घर माजं हाय." धर्मराजनं कुलूप काढलं, ती आत गेली आणि तिनं मला इतक्या जोरानं लावलं की चौकट हलली. त्या दिवसापासून गल्लीच्या ह्या उंबऱ्यावरून त्या उंबऱ्यावर शब्द जाईना. संध्याकाळी दोघी आपापल्या दारात शेंगा फोडत बसायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या नाहीत. माणसं परत आली होती, तरी मला काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं.

धर्मराजचं म्हणणं वेगळंच होतं. तो म्हणाला, "आपलं कुनाकडं काई देनं न्हाई, गूळ फुटलाय. मग भ्यायचं कावून? पडू दे कागद." चांगल्या माणसाची ही फार मोठी चूक असते, मित्रांनो. आपण खरे आहोत म्हणजे आपल्याला कुठं जायची गरज नाही, असं त्याला वाटतं. दीपमालाला तसं वाटलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती बीडला गेली आणि वनमाला नावाच्या वकील बाईंना गाठून आली. कागद जसेच्या तसे दाखवायचे म्हणून तिनं ते माझ्यावरून काढलेच नव्हते. म्हणून मग वनमालाबाई स्वतः वस्तीवर आल्या, आणि माझा फोटो काढला गेला तो तेव्हा. कडीला अडकवलेलं कुलूप, दोन कागद आणि चौकटीवरचं वाळलेलं कुंकू. फोटो काढून त्या माझ्याच उंबऱ्यावर बसल्या. अपील म्हणजे काय ते मला तिथं कळलं.

"ह्या वरच्या कागदावर अपील नव्हतं," त्या म्हणाल्या. "तो हुकूम नाही. कोर्टानं फक्त विचारलं होतं. त्याचं उत्तर तुम्ही हजर राहून द्यायला पाहिजे होतं. देणं नाही एवढं सांगितलं असतं, तर कोर्टानं दोन्हीकडचं ऐकून मग निकाल दिला असता."

"आन् खालच्या कागदावर?" दीपमालानं विचारलं.

"तो हुकूम आहे. गार्निशीवर असा हुकूम झाला की कायदा त्याला डिक्रीसारखा, म्हणजे दाव्याच्या निकालासारखा धरतो. डिक्रीवर अपील होतं, तसं ह्याच्यावरही होतं. बीडच्या जिल्हा न्यायालयात करायचं."

"कवापर्यंत?"

"हुकुमाच्या तारखेपासून तीस दिवस. नक्कल मिळायला जेवढे दिवस जातील ते सोडून."

दीपमालानं कागदावरची तारीख पुन्हा वाचली. मी ती तारीख अंगावर वागवत होतो. "ते तर गेले," ती म्हणाली.

"उलटलेत. पण दार बंद झालं असं नाही. उशीर का झाला ते सांगून कोर्टाला विनंती करता येते. कारण मात्र खरं पाहिजे, आणि ते सांगणारं माणूस पाहिजे. घराला कुलूप होतं, कागद तुमच्यापर्यंत पोचला नाही, हे कुणी पाहिलं?"

दीपमालानं समोर पाहिलं आणि मान वळवली. शेवटी धर्मराज म्हणाला, "समोरच्या सुभद्रामावशीनं."

"बरं. आणि गिरणीचं सगळं देऊन झालं, गूळ फोडला म्हणता, तेव्हा तुम्ही आणि अजिनाथ सोडून कोण होतं?"

धर्मराजनं बायकोकडे पाहिलं. "सुभद्रामावशीच," तो म्हणाला.

वकील बाई उठल्या. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नुसतं अपील केलं म्हणून जप्ती थांबत नाही. त्याला स्थगिती वेगळी मागावी लागते. ती मागू, पण घाई करा, असं म्हणून त्या निघून गेल्या. दुपार उतरेपर्यंत दीपमाला उंबऱ्यावर बसून होती. आपली गिरणी वाचवू शकणारं माणूस गल्लीच्या पलीकडे पाच पावलांवर होतं, आणि त्या माणसाशी ती बोलत नव्हती.

मग ती उठली, पदर सावरला आणि गल्ली ओलांडून गेली. सुभद्राबाई वर न बघताच म्हणाल्या, "समदं माज्यामुळं झालंय, हेच कोर्टात सांगायचं ना? सांगते. नेशील तिथं येते."

"तुमच्यामुळं झालं असं न्हाई सांगायचं मावशी. जे पायलं तेवढं सांगायचं."

"मला झोप न्हाई बाई तवापासनं. मी राखण केली का घात केला, हेच कळंना."

दीपमाला त्यांच्या शेजारी बसली आणि सुपातल्या शेंगा फोडायला लागली. एवढंच झालं. पण मला विचाराल तर जे अपील बीडला नंतर दाखल झालं, त्याची सुरुवात त्या सुपापाशी झाली होती.

पुढचं मी उंबऱ्यावर बोललेलं ऐकून सांगतो, कारण दरवाजाला कोर्टात जाता येत नाही. सुभद्राबाईंनी शपथेवर लिहून दिलं की घर बंद होतं, कागद त्यांनी पाहिला, आणि बंद दाराला हात लावायची आमच्याकडे रीत नाही म्हणून कुणी तो काढला नाही. त्याला माझा फोटो जोडला होता. कोर्टानं उशीर माफ केला आणि अपील घेतलं. स्थगितीही मिळाली, पण अर्धी. गिरणी न्यायची नाही, विकायची नाही, आणि निकाल लागेपर्यंत चालवायचीही नाही. बेलीफ आला, गिरणीला लाखेचं सील लावून गेला. विजेची जोडणी त्याच आठवड्यात आली. लखलखीत नवा मीटर भिंतीवर आणि त्याच्याखाली मुकी गिरणी. दीपमाला रोज तिच्यावरची धूळ पुसायची.

पावसाळा गेला, तारखा पडत राहिल्या, दसरा आला. पुढच्या दसऱ्यापासून इथंच, असं दीपमाला म्हणाली होती. पण बंद गिरणीवर घर चालत नाही. धर्मराजला पुन्हा तोडीला जाणं आलं. दीपमाला मात्र थांबली. तारखेला नाव पुकारलं आणि कुणी नसलं तर पुन्हा तेच व्हायचं, हे ती पुरतं शिकली होती. सकाळी ट्रक आला. धर्मराज बाहेर पडला आणि सवयीनं त्यानं मला ओढून घेतलं, कुलूप हातात घेतलं. आत दीपमाला आणि आरोही उभ्या होत्या. तो ओशाळला. कुलूप त्यानं चौकटीच्या खिळ्याला अडकवलं आणि निघून गेला. किल्ली मात्र विसरून खिशातच घेऊन गेला.

तर असा मला माझा पहिला उघडा हिवाळा मिळाला. सकाळी चुलीचा धूर माझ्या वरच्या फटीतून बाहेर जायचा. आरोही शाळेतून आली की पायानं मला ढकलायची, आणि तिला बोलणी बसायची. थंडीनं माझं लाकूड आवळतं तेव्हा आत कुणीतरी खोकत असतं, हे मला नवीन होतं. इतकी वर्षं मी ह्याच गोष्टीसाठी झुरत होतो. आणि ती मिळाली तेव्हा मन लागेना, कारण धर्मराज त्यात नव्हता. संध्याकाळी दीपमाला माझ्या फळीला टेकून फोनवर बोलायची. ती हसून बोलायची, फोन ठेवायची आणि तशीच टेकून राहायची. तिच्या पाठीचा भार मी घेत होतो. मला धर्मराजची आठवण येत होती, तिला तर येतच होती. बाभळीच्या लाकडालासुद्धा हुरहुर कळते, मित्रांनो.

संक्रांतीला सुभद्राबाई वाटी घेऊन निघाल्या त्या सरळ आमच्याकडेच आल्या आणि थबकल्या. बंद दारांना हळदीकुंकू लावायची त्यांना सवय. उघड्या दारापुढे काय करायचं ते त्यांना सुचेना.

"आता हितं मी कशाला लावू?" त्या म्हणाल्या. "घरची लक्ष्मी हाय की घरात."

दीपमालानं त्यांच्या हातातली वाटी घेतली, आतून बाहेर आली आणि माझ्या चौकटीला दोन बोटं ओढली. मग तिनं सुभद्राबाईंना कुंकू लावलं. दोघी एकाच उंबऱ्यावर बसल्या आणि मुंग्यांच्या वाट्याला त्या वर्षी एक तीळही आला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जिल्हा न्यायालयाचा निकाल आला. धर्मराजचं म्हणणं न ऐकता झालेला हुकूम रद्द केला होता आणि खालच्या कोर्टाला सांगितलं होतं, की आधी त्याची बाजू ऐका, मग ठरवा. जिंकलो असं म्हणून दीपमाला नाचली नाही. ती सुभद्राबाईंना म्हणाली, "मावशी, आता खरं सांगायची पाळी आली." खालच्या कोर्टात दोघी गेल्या. अजिनाथही पुण्याहून आला. आपल्यामुळे ह्यांच्या दारावर कागद लागला म्हणून त्याची मान वर होत नव्हती. आपल्याला गिरणीची किंमत कधीच पोचली आहे, मोहनरावांचं देणं आपलं आहे आणि ते आपणच फेडू, असं त्यानं सांगितलं. सुभद्राबाईंनी गुळाची हकिकत सांगितली. मोहनराव काही वाईट माणूस नव्हता. त्याला कुणीतरी चुकीचं सांगितलं होतं. धर्मराजकडे काही येणं उरलेलं नाही असं कोर्टानं ठरवलं, आणि होळीनंतर बेलीफनं येऊन गिरणीची लाख काढली.

दीपमालानं हे धर्मराजला फोनवर सांगितलं का? निकालाचं सांगितलं. गिरणी सुरू केल्याचं मात्र नाही सांगितलं.

पाडव्यानंतर ट्रक आला. मी सताड उघडा होतो. आत गिरणी चालू होती. तिच्या धडधडीनं माझ्या बिजागऱ्या थरथरत होत्या, आणि बाहेर वस्तीवरच्या बायका डबे घेऊन रांगेत होत्या. पांढऱ्या पिठानं मी निम्मा माखलो होतो. धर्मराज गाठोडं घेऊन गल्लीत शिरला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं खिशात हात घालून किल्ली शोधायला लागला. किल्ली सापडली. ती हातात धरून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. कुलूप शेजारी खिळ्याला लटकत होतं. उघड्या घरात कसं शिरायचं, हे त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

"आत या की," पिठानं भरलेल्या पापण्यांनी दीपमाला म्हणाली.

मित्रांनो, आता आमच्या वस्तीवर बद्रीनाथांचा नेम थोडा बदलला आहे. बंद दाराला अजूनही कुणी हात लावत नाही, पण दारावर कागद दिसला की मात्र तो त्याच दिवशी वाचतात आणि ज्याचं दार असेल त्याला, तो कितीही लांब असला तरी, फोन करतात. सुभद्राबाईच सगळ्यात आधी करतात. तुमच्याही गल्लीत हिवाळ्यात बंद राहणारी दारं असतील. त्यांना तेल दिलं नाही तरी चालेल, रंग दिला नाही तरी चालेल. पण जाता-येता त्यांच्याकडे एकदा बघत जा. कोर्टाला वाट बघायला ठरावीक दिवस असतात. आम्हाला तसे नसतात, आम्ही वाट बघतच राहतो. आणि कधी लिंबागणेशला आलात तर आमच्या वस्तीवर या, माझी कडी वाजवा. हिवाळ्यात आलात तरी चालेल. आता आत कुणीतरी असतं.